सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना



पश्चिम पट्टीतल्या वाड्या वाटण्या होऊन लहान झाल्या. त्यामुळे महामार्गाच्या पूर्वेला, पारोळ, भाताणे, मेढे अशा गावांकडे थोडी जागा घ्यावी, घर बांधावे, असे आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांना वाटते. त्यात वाईट काहीच नाही. पाड्यांवरच्या कामामुळे माझ्याकडे दोन्ही प्रकारचे लोक कागद घेऊन येतात: जमीन घेऊ पाहणारे, आणि जमीन हातून गेलेले. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

जागा बघायला जाण्यापूर्वी सातबारा काढा. आपण त्यावर मालकाचे नाव पाहतो, क्षेत्र पाहतो आणि कागद मिटतो. 'इतर अधिकार' हा रकाना मात्र तसाच राहतो. त्यात '36 व 36अ' असा उल्लेख असला तर जमीन आदिवासी खातेदाराची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची आहे. 36अ हे कलम तिच्यात 1974 साली आले. त्यानुसार अशी जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, आणि तीही राज्य शासनाच्या मान्यतेने. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत राहणारा कोणी आदिवासी ती घ्यायला तयार नाही, याची खात्री आधी करावी लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही परवानगी लागतेच.

दलाल म्हणतो, "साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र घेऊ, काही होत नाही." होते. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा 'किंवा अन्य प्रकारे' असे कायद्याचे शब्द आहेत. व्यवहार बेकायदा ठरला तर जमीन शासनाकडे जाते आणि मूळ आदिवासी खातेदाराला परत देऊ केली जाते. घर बांधून झाल्यावर हे कळले तर काय, याचा विचार करा. वनहक्क कायदा 2006 खाली मिळालेली प्लॉटची जमीन तर वारसांकडे जाते, पण विकता येतच नाही.

एवढा कडक कायदा कशाला, असे मला आपलेच लोक विचारतात. आदिवासीला चांगला भाव मिळू नये का? प्रश्न खोटा नाही. लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पैसा लागतो तेव्हा विकायला त्याच्याकडे जमिनीशिवाय काही नसते. पण नेमक्या अशाच वेळी, थोड्या कर्जापोटी, या जिल्ह्यातल्या वारल्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या आणि ते आपल्याच शेतावर वेठीला लागले. 1945 चा वारल्यांचा उठाव त्यातूनच झाला. नाबोथाचा द्राक्षमळा मागताना अहाबानेही चांगली किंमत देऊ केली होती, हे आपण सहसा विसरतो. अडचण असेल तर मदत करावी. तिच्या बदल्यात अंगठा घेऊ नये.

बिगर आदिवासी मालकाची जमीन असली तरी थांबून पाहा. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, नाहीतर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगी. 'कलम 43' ची नोंद असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन; तिच्याही अटी असतात. फेरफार जुने काढा, मयताच्या मुलींची नावे वारसांत आहेत का ते बघा.

कागद जुळले की जागेवर पायी फिरा, शक्यतो उन्हाळ्यात. पाड्यावरून विहिरीकडे जाणारी पाऊलवाट जागेतून जात असेल, तर ती नकाशावर असेलच असे नाही. कुंपण घालण्याआधी पाड्यातल्या बायांशी बोलून घ्या. पाणी त्याच भरतात.