आखाजीपर्यंत डोकी मोजू नकोस

साक्री-पिंपळनेरकडची मंडळी हाती घेतोयस, म्हणून सांगतो. दिवाळीनंतर बाकं रिकामी दिसली तर खचू नकोस. कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला परततात. टोळी निघायच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे जाऊन प्रार्थना कर. ज्याला वाचता येतं त्याच्या हाती नवा करार दे, मुकादमाचा फोन नंबर लिहून घे. जानेवारीत एकदा तरी फडावर जा, कोपीत बसून त्यांच्याबरोबर भाकरी खा. आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं अन् शाळेतली पोरं आठवड्याला बघून ये. गावी परतलेला बाप पहिल्यांदा हेच विचारतो, पाळक घरी आला होता का?

मंडळीची वार्षिक सभा डिसेंबरात घेऊ नकोस. तेव्हा पगारदार तेवढे हजर असतात, ठराव त्यांचेच होतात आणि वर्षभर धुसफूस चालते. सभा, बाप्तिस्मे, लग्नं आखाजीनंतर, पेरणीच्या आधी उरकावीत. वैशाखात उपासना सकाळी आठच्या आत सुरू कर.

भुसावळला बदली झाली तर गणित वेगळं. तिथं रेल्वेची माणसं, पाळ्या बदलत्या. त्यांच्यासाठी संध्याकाळची उपासना ठेव, बदलून आलेल्या कुटुंबाकडे पहिल्याच आठवड्यात जा.

पैशाला पाळकानं हात लावू नये, यावर मी हटून बसेन. दान दोघांनी तिथंच मोजावं, वहीत लिहून दोघांनी सही करावी, सोमवारी बँकेत भरावं. हंगामाच्या सणाला कापूस, ज्वारी, केळीचे घड, कोंबड्या येतात आणि लिलाव रंगतो. बोली ज्याची त्याच्या नावावर लिही, पण उधारी राहिली तर ती वेदीवरून वाचून दाखवू नकोस. त्याच्या घरी जाऊन विचार. चारचौघांत लाजलेलं घर पुन्हा उपासनेला येत नाही.

मिशनच्या काळातल्या जमिनीवर अनेकांचा डोळा असतो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेलाच पाहिजे. जमीन विकायची तर 1950च्या विश्वस्त कायद्याच्या कलम 36 प्रमाणे आधी परवानगी लागते. कोणी कितीही घाई केली तरी कोऱ्या कागदावर सही देऊ नकोस. नवापूर-नंदुरबारकडचे जुने कागद शोधशील तर त्यांवर बऱ्याचदा जिल्हा धुळे असतो, कारण नंदुरबार जिल्हा 1998 साली वेगळा झाला.

गाण्याचं म्हणशील तर महागडा कीबोर्ड घेण्याआधी पोरांच्या हाती टाळ-ढोलकी दे. ना. वा. टिळकांनी आपल्याला अभंग-भजनं दिली, ती आजीलाही येतात. त्याच टिळकांनी आपल्या धरणगावच्या ठोंबऱ्यांना, 1907च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना बालकवी म्हटलं गेलं त्यांना, नगरला स्वतःच्या घरात मुलासारखं ठेवलं. बालकवी हिंदूच राहिले आणि टिळकांच्या घरातली त्यांची जागा कायम राहिली. तेव्हा मंडळी वाढवायची म्हणून कोणाला मदतीच्या बदल्यात बाप्तिस्म्याचं विचारू नकोस. उपासनेनंतर चहा झाला की बाहेर ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यालाही कप दे, आणि त्याचं नाव हजेरीच्या वहीत चढवू नकोस.