झोपेचा साक्षीदार

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्याला कुंभकर्ण म्हणून आपण त्याची थट्टाही करतो. कामणला आमच्या घरी काकांच्या घोरण्याची अशीच थट्टा चाले. काका चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर टेम्पो चालवतात. काकू मात्र म्हणे, "अरे, घोरण्याचं काही नाही, ते मध्येच थांबतं, त्याची भीती वाटते." तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. एके दिवशी भर दुपारी गाडी चालवताना काकांचा डोळा लागला आणि टेम्पो रस्ता सोडून मातीत उतरला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. "रात्रभर तर झोपलो होतो!" असे काका पुन्हा पुन्हा सांगत होते.

निद्राविकारांच्या निदानातील मुख्य अडचण या वाक्यात आहे. ताप आला तर रोग्याला कळतो. पण झोपलेला माणूस स्वतःच्या झोपेचा साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणून ही साक्ष यंत्राकडून घ्यावी लागते.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. जर्मन शास्त्रज्ञ हान्स बर्गर यांनी 1929 साली मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला. 1953 साली शिकागो येथे अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होणारी एक वेगळी अवस्था असते, असे दाखवून दिले. या अवस्थेचा स्वप्नांशी निकटचा संबंध आहे. झोप म्हणजे नुसती विश्रांती नसून सुमारे दीड तासाच्या आवर्तनांत चालणारी क्रिया आहे, हे त्यातून स्पष्ट होत गेले.

रुग्णालयातील निद्रापरीक्षणास 'पॉलिसोमनोग्राफी' म्हणतात. रुग्णाने रात्री तेथे जाऊन झोपायचे असते. डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी आणि पाय यांवर तारा चिकटवतात. छाती व पोटाभोवती पट्टे बांधतात. नाकाशी श्वास मोजणारी नळी आणि बोटाला रक्तातील प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात. यात सुई टोचत नाहीत. पुढे तज्ज्ञ संपूर्ण रात्रीचा आलेख तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांनी तपासतात.

घशाचा मार्ग मिटून दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला, अथवा प्राणवायू घटण्याइतका मंदावला, तर ती एक घटना मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी घटना सामान्य समजतात. तीस किंवा अधिक झाल्यास विकार तीव्र मानतात. बहुतेक वेळा मेंदू क्षणभर जागा होतो, पण सकाळी ते आठवत नाही. 'रात्रभर झोपलो' असे रोगी प्रामाणिकपणे सांगतो, तरी त्याची झोप झालेली नसते. दिवसा अनावर झोप येण्याचा 'नार्कोलेप्सी' हा विकार ओळखण्यासाठी दुसऱ्या दिवशीही दर दोन तासांनी डुलकीची परीक्षा घेतात. साध्या निद्रानाशाला मात्र बहुधा अशा परीक्षणाची गरज नसते; तेथे झोपेची रोजनिशी अधिक उपयोगी पडते.

हा विकार परदेशी किंवा श्रीमंतांचाच आहे, असे समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे 19.5 टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनाचा दोष, तर सुमारे 7.5 टक्क्यांत त्याबरोबर दिवसाची झोपाळू अवस्थाही आढळली. उपचार न झाल्यास रक्तदाब वाढण्याचा धोका असतो, आणि वाहन चालवणाऱ्याच्या बाबतीत तर इतरांचाही जीव धोक्यात येतो.

उपाय आहेत. वजन कमी करणे व मद्य टाळणे यांचा उपयोग होतो. 1981 साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. तो मुखवटा लावून झोपावे लागते. मात्र लावला नाही, तर त्रास पुन्हा सुरू होतो.

काकांचे परीक्षण झाले आणि विकार तीव्र ठरला. आता ते रोज मुखवटा लावतात. पण मला आठवते ते वेगळेच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काकांना नव्हे, काकूला विचारला होता : "यांचा श्वास झोपेत थांबतो का?" घरात वर्षानुवर्षे कोणी न ऐकलेली साक्ष तेथे प्रथम नोंदली गेली. वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी साक्षीदार असेल. तिचे म्हणणे थट्टेवारी न नेता ऐकावे, एवढीच विनंती.