मत अठराव्या वर्षी, प्रश्न आत्तापासून

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. आमच्या गावात पाणी खारट येतं. ग्रामसभेत बोलायला गेलं, की ‘तुझं मतदार यादीत नाव आहे का?’ म्हणून गप्प बसवतात. मतदानाचं वय सोळा करायला नको का?
– एक विद्यार्थिनी, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : वय बदलता येतं. 61व्या घटनादुरुस्तीनं ते 1989मध्ये 21 वरून 18 झालं. ऑस्ट्रियानं 2007मध्ये 16 केलं. आपल्याकडे त्यासाठी कलम 326 पुन्हा बदलावं लागेल. तोवर मतदार नोंदणीचा नमुना 6 आगाऊ भरून ठेव. सतरा पूर्ण झाल्यावर तो भरता येतो.

प्रश्न मात्र आजच नेमका कर. ‘गोड पाणी कधी?’ याला ‘लवकरच’ हे उत्तर ठरलेलंच. अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट. म्हणून टाळता येणार नाही असं विचार : पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, किती निघाला? वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच्या) निधीतून पाण्यावर किती खर्च झाला?

तुझं नाव मतदार यादीत येईपर्यंत हे प्रश्न तुझ्या आईनं ग्रामसभेत विचारावेत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. टोलवाटोलवी झाली, तर तिच्याच नावानं माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत 30 दिवस.