उरलेला वेळ

पालकहो,

मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक आई चर्चच्या दाराशी भेटली. एका हातात मुलाचं दप्तर, खांद्याला पर्स, नजर घड्याळावर. "सर, याला धर्मशिक्षणाच्या तासातून जरा लवकर सोडाल का? साडेदहाला स्कॉलरशिपचा क्लास आहे. वसई रोडला पोचायचं म्हणजे दहाला निघायला हवं." मी म्हटलं, "सोडतो." नाही कसं म्हणणार? दहाच्या ठोक्याला पोरगं उठलं, अर्धवट रंगवलेलं चित्र वहीत कोंबलं आणि पळालं. तोवर बाहेर हॉर्न दोनदा वाजून झाला होता.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हे चार शब्द. रागाने लिहीत नाही. रागवायचा हक्क मी केव्हाच गमावलाय, तो कसा ते पुढे सांगतो.

आपल्या गिरीजच्या पोरांनी पुढे जावं असं कुणाला वाटत नाही? आपल्या आया-आज्यांनी पहाटेची लोकल पकडून फुलांची, भाजीची ओझी दादरला वाहिली ती याचसाठी. तुमच्या धडपडीला माझा विरोध नाही. क्लास लावा, चांगला लावा. मला खुपतं ते वेगळंच. गणित चांगलं यायचं तर त्याला वेळ द्यावा लागतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. प्रार्थनेच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा. सगळं आटोपून जे उरेल ते देवाला. आणि उरतं काय, तर पेंगुळलेली पंधरा मिनिटं. हिराडोंगरीच्या दत्ताला कामावर जाण्याआधी पायऱ्या चढून जाणारे शेजारी आपल्याच गावात आहेत. त्यांना बघून मला पुष्कळदा ओशाळायला होतं.

एकदा वर्गात विचारलं, "घरी जपमाळ कोण सांगतं?" एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "आजी. डॅडींचा पण अंगठा चालू असतो, पण मण्यांवर नाही." वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. घरी आल्यावर आधी माझा मोबाईल स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट तुम्ही मुलांना सांगता ना? आपल्या वसईचा मुलगा, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर गेला, १८६२ साली संत म्हणून घोषित झाला. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे. पण ही गोष्ट सांगताना आपण थेट क्रूसावर उडी मारतो आणि मधली वर्षं गाळतो. कोवळ्या वयात जेझुइट फादरांबरोबर हा मुलगा जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. कशी, तर लोकांत बसून, ऐकून, चुकून, पुन्हा बोलून. पुढे जेझुइटांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही, तेव्हा त्याने काही काळ व्यापारही केला. अखेर मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला ब्रदर म्हणून घेतलं, आणि त्या संघाचे मिशनरी जपानला निघाले तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालोच उपयोगी पडला. मुलांना क्रूस जरूर सांगा, पण जपानी शब्द घोकत बसलेला वसईचा पोरगाही दाखवा. क्रूसावर जायची वेळ क्वचित कुणावर येते. घोकायची रोज येते.

फादर थॉमस स्टीफन्सचंही तसंच. हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्याला उतरला तेव्हा त्याला मराठीचा गंधही नव्हता. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापून निघालं १६१६ मध्ये. मध्ये गेली सदतीस वर्षं. गोव्यातल्या साष्टीत धर्मग्रामाची कामं सांभाळत त्याने आपल्या भाषेत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? नंदाखालचे आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरूची कामं, ‘सुवार्ता’चं संपादन, हरित वसईचं आंदोलन, हे सगळं करता करता ‘सुबोध बायबल’साठी ते वर्षानुवर्षं बसले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आपण फटाके वाजवले. त्यामागे टेबलाशी बसून गेलेल्या रात्री फटाक्यांत दिसत नाहीत.

आता माझी गोष्ट. माझा मुलगा वेदीसेवक होता. सकाळच्या मिस्सेला आईने हाक मारायच्या आधी उठायचा, मेणबत्त्या पेटवायचा, घंटा कधी वाजवायची ते त्याला झोपेतही ठाऊक. तो दहावीत गेला आणि जूनमध्येच मी त्याला थांबवलं. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे," म्हटलं. घरच्या जपमाळेतूनही सूट दिली. मार्क उत्तम पडले. पुढच्या जूनमध्ये म्हटलं, "जा आता." तो गेला नाही. भांडला नाही, उलट बोललाही नाही, नुसता गेला नाही. आज परदेशात चांगल्या हुद्द्यावर आहे, गुणी आहे, नाताळला आवर्जून फोन करतो. चर्चचा विषय निघाला की म्हणतो, "डॅडी, सध्या कामाचा फार लोड आहे." मी काय बोलणार? काम वाढलं की पहिली कात्री कशाला लावायची, हे त्याला मीच शिकवलं होतं.

मला वाटलं होतं, पोरगा आपल्यातच आहे. यरुशलेमहून परतताना मरिया आणि योसेफ यांनाही येशूबद्दल असंच वाटलं होतं, पोरगा सोबतच्या माणसांत असेल. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळलं की नाही. मग तीन दिवस शोधावं लागलं. त्यांना तीन दिवसांत सापडला, हे त्यांचं भाग्य म्हणायचं.

माझी आई सुकेळी करायची. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात मांडायची. संध्याकाळ झाली की दव पडायच्या आत घरात आणायची, सकाळी पुन्हा बाहेर, प्रत्येक केळं हाताने परतून. असं रोज, त्यांना मधासारखा रंग येईपर्यंत. मग सुक्या पानात घट्ट बांधायची. एके वर्षी मला घाई झाली. सुट्टी संपत आली होती, शहरातल्या मित्रांना खाऊ न्यायचा होता. दोन दिवस आधीच पुडी बांधून घेतली. आई काही बोलली नाही. आठवड्याने पुडी सोडली तर आत बुरशी. वरून पान अगदी झकास दिसत होतं.

मी फार मागत नाही. जपमाळेची पाच दशकं जमत नसतील तर एकच म्हणा, पण सगळे बसा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ रोज तीच ठेवा. जेवणाआधीची ठेवा, झोपेआधीची नको. एक दशक न चुळबुळता बसणारं पोर गणितापुढेही बसतं, हे मी वर्गात पाहिलंय, तुम्हीही घरी करून बघा. आणि पोर अभ्यासाला बसलं की तुम्हीही कधी शेजारी जाऊन बसा. शिकवू नका, नुसते बसा. वेळ देणं म्हणजे काय, ते त्याला सांगून कळणार नाही, तुमच्याकडे बघून कळेल.

आणि त्या आईला सांगतो, येत्या रविवारी तुम्ही पुन्हा विचारलंत तरी मी त्याला सोडीन. क्लास बुडवू नका. फक्त न्यायला येताना गेटाबाहेर गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवू नका. गाडी बंद करा आणि आत या. मागच्या बाकावर जागा असते. त्याचं चित्र पुरं होईपर्यंत बसा.