नंबर खरवडलेली चिप ओळखायची कशी?

अॅम्प्लिफायर, मिक्सर, साउंड बॉक्स दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंना एक अडचण वारंवार येते. सेट उघडावा, बिघाड शोधत चिपपर्यंत यावे आणि पाहावे तर चिपच्या पाठीवर काहीच लिहिलेले नाही. नंबर घासून टाकलेला असतो, नाहीतर कंपनीने स्वतःचाच असा आकडा छापलेला असतो की बाजारात तो कोणाला माहीत नाही. मग गिऱ्हाइकाला "बोर्डच बदलावे लागेल" असे सांगितले जाते. बोर्डाची किंमत ऐकून गिऱ्हाईक सेट उचलतो आणि नवा घ्यायला जातो. मजुरी गेली आणि गिऱ्हाईकही गेले. वास्तविक अशा पुष्कळ चिप काही रुपयांच्या, कोठेही मिळणाऱ्या असतात. माल बनवणाऱ्याला नक्कल होऊ द्यायची नसते, म्हणून तो साध्या चिपचेही तोंड काळे करतो.

कापडावर गिरणीचा शिक्का नसला तर आम्ही कापडवाले हात टेकून बसत नाही. धागा काढून जाळतो. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख हलकी पडते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. चिपचेही तसेच आहे. नाव गेले तरी तिचे काम आणि तिच्या भोवतीचे सामान बोलत असते.

प्रथम चिप स्पिरिटने पुसून तिरप्या उजेडात पाहावी. लेसरने कोरलेला नंबर फिका पडला असेल तर पुष्कळदा येथेच काम होते. नाही झाले तर एक नंबरचा पाय शोधावा. चिपवरचा ठिपका घासला गेला असला तरी टोकाची खाच राहते, आणि बोर्डाच्या खालच्या बाजूस एक नंबरच्या पायाचा टाका बहुधा चौकोनी असतो. चिप वरून पाहिली तर तेथून पाय उलट्या घड्याळाच्या दिशेने मोजायचे.

आता सेट बंद करून, कंडेन्सर रिकामे करून मीटर लावावा. पहिला प्रश्न एकच: सप्लाय कोणत्या पायावर आणि ग्राउंड कोणत्या पायावर? आठ पायांच्या चिपमध्ये एवढ्यावरच निम्मा निकाल लागतो. चार आणि आठवर सप्लाय असेल तर बहुधा दुहेरी ऑप-अॅम्प, म्हणजे ४५५८, टीएल ०७२, ५५३२ किंवा ३५८ यांपैकी एक. चार आणि सातवर असेल तर ७४१ किंवा टीएल ०७१ सारखा एकेरी ऑप-अॅम्प. चार ग्राउंड आणि सहा सप्लाय असेल तर एलएम ३८६ हा छोटा अॅम्प्लिफायर. दोनवर सप्लाय, चारवर ग्राउंड असेल तर टीडीए २८२२ एम. सहावर सप्लाय, सातवर ग्राउंड, आणि स्पीकरच्या दोन्ही तारा थेट पाच व आठवर येत असतील तर ८००२ जातीची चिप समजावी. तिच्या स्पीकरची एकही तार ग्राउंडला लावायची नसते, हे विसरल्याने नवी चिपही जाते.

दुहेरी ऑप-अॅम्प वाटला तरी घाई करू नये. एलएम ३९३ हा कंपॅरेटर आहे आणि त्याचे पाय हुबेहूब तसेच आहेत. फरक भोवतीच्या रेझिस्टरमध्ये दिसतो. एक व दोनच्या मध्ये आणि सहा व सातच्या मध्ये रेझिस्टर असेल तर आवाजाच्या वाटेवरचा ऑप-अॅम्प. तसा रेझिस्टर नसून एक किंवा सात नंबरवरून सप्लायकडे रेझिस्टर गेला असेल तर कंपॅरेटरचा संशय धरावा. तो दिवे पेटवण्याच्या किंवा स्पीकर वाचवण्याच्या सर्किटमध्ये बसतो.

ऑप-अॅम्पच आहे हे ठरले की कोणता बसवायचा? साधारण मिक्सरमध्ये, प्लस-मायनस १२ किंवा १५ व्होल्टवर, ४५५८ ने काम चालते. इनपुटला चार-पाच लाख ओहम किंवा त्याहून मोठे रेझिस्टर असतील तर टीएल ०७२ घ्यावा. तेथे ५५३२ घातला तर आउटपुटचे डीसी व्होल्टेज सरकते आणि व्हॉल्यूम फिरवताना खरखर येऊ शकते. ५५३२ महाग म्हणून सगळीकडे चांगला, असा समज आहे तो खरा नाही. आणि सप्लाय नुसता ५ व्होल्ट असेल तर ४५५८ व ०७२ दोन्ही निरुपयोगी.

इकोच्या मिक्सरमध्ये सोळा पायांची चिप असते, तिचाही नंबर पुष्कळदा घासलेला असतो. एक नंबरवर ५ व्होल्ट, दोन नंबरवर त्याच्या निम्मे, तीन व चार ग्राउंड, आणि सहा नंबरवरून रेझिस्टर किंवा "डिले"चा पॉट ग्राउंडकडे गेलेला दिसला, तर ती पीटी २३९९ असण्याचीच दाट शक्यता. जवळपास ५ व्होल्टचा ७८०५ रेग्युलेटर सापडला की संशय आणखी कमी होतो.

हीटसिंकवरच्या पाच पायांच्या चिपमध्ये मात्र खरा धोका आहे. टीडीए २००३, २०३० आणि २०५० यांचे पाय एकाच क्रमाने आहेत, पण ताकद वेगळी. २००३ गाडीच्या सेटसाठी, १८ व्होल्टपर्यंत चालवायची. २०३० एकूण ३६ व्होल्ट, २०५० एकूण ५०. म्हणून आधी सप्लाय मोजावा, मग दुकानात जावे. यांची धातूची पाठ मधल्या पायाला आतून जोडलेली असते. प्लस-मायनस सप्लायच्या सेटमध्ये त्या पायावर मायनस येतो, म्हणून अभ्रकाचा तुकडा आणि वॉशर काढले असतील तर परत घालावेत.

सेट स्टीरिओ असेल तर काम आणखी सोपे. एक चॅनल चालू असतो. त्याच्या चिपचे सर्व पायांवरचे व्होल्टेज कागदावर लिहून घ्यावे आणि बंद चॅनलशी ताडून पाहावे. चांगल्या ऑप-अॅम्पच्या दोन्ही इनपुटवर जवळपास सारखेच व्होल्टेज दिसते. गेलेल्या चिपचे आउटपुट बहुधा एखाद्या सप्लायला चिकटलेले आढळते. स्विचिंग सप्लायच्या मेनकडच्या भागात मीटर घालू नये, तेथे ३०० व्होल्टच्या वर डीसी असते.

जिच्याजवळ क्रिस्टल आहे, जिचे पाय बटणांकडे व डिस्प्लेकडे गेले आहेत, ती चिप बहुधा मायक्रोकंट्रोलर असते. तिच्या आत कंपनीचा प्रोग्राम भरलेला असतो. तेथे ओळखण्यात वेळ घालवू नये. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे आणि तपासणीची ठरलेली मजुरी तेवढी घ्यावी.

नवी चिप शक्यतो सॉकेटमध्ये बसवावी. सॉकेट बसत नसेल तर पाय तपासून मगच टाका द्यावा. बाजारात जुनी चिप घासून, काळा रंग देऊन, महागड्या नंबरने विकणारेही आहेत. अॅसिटोनच्या बोळ्याने पुसल्यावर काळा रंग सुटू लागला तर चिप परत करावी. पहिल्यांदा सेट चालू करताना मेनला ६० किंवा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा आणि स्पीकर काढून ठेवावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर आउटपुटवर डीसी मोजावे, आणि ते ठीक असेल तरच गिऱ्हाइकाचा स्पीकर जोडावा.