अंगणातील वसंत आणि निरीक्षणवही

सन २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्च रोजी आला आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी अमलात आली. वसंताचा पहिला दिवस व दार लावून घरी बसण्याचा पहिला दिवस एकाच तारखेस पडावेत, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. शाळा त्यापूर्वीच, मार्चच्या मध्यास, बंद झाल्या होत्या. चर्चगेट-विरार मार्गावरील लोकल गाड्याही थांबल्या. या गाड्यांच्या वेळापत्रकावर ज्याचा दिवस उगवतो व मावळतो, तो वसई तालुका एकाएकी निःशब्द झाला. नालासोपारा-विरारच्या इमारतींत राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला एक खिडकी आली. समुद्राच्या अंगाच्या गावांतील मुलाला केळी-नारळीची वाडी, विहीर आणि बावखल लाभले. तांबटाची टुकटुक मात्र दोघांनाही सारखीच ऐकू आली.

त्या दिवसांविषयी वर्गात बोलताना ‘सुटीची मौज’ असे शब्द शिक्षकांनी वापरू नयेत, हे बरे. तालुक्यातून जाणाऱ्या अहमदाबाद महामार्गावरून त्याच उन्हात मजुरांची कुटुंबे डोक्यावर बोचकी घेऊन पायी गावाकडे निघाली होती. शेतीच्या कामास २७ मार्च रोजी मुभा मिळाली, म्हणून बागायतदार आपल्या वाडीत जाऊ शकला. परंतु दादरच्या बाजारास फुले नेणारी गाडीच बंद असल्याने ऐन हंगामातील मोगरा झाडावरच उमलून सुकला. त्या चैत्रात वाडीतून फिरताना मुलास जो सुगंध आला, तो बापाच्या बुडालेल्या मिळकतीचा होता. आज प्राथमिक वर्गांत बसणारी मुले तेव्हा फार लहान होती, काही जन्मलीही नव्हती. त्यांनी मोठ्या भावंडांस व आजी-आजोबांस विचारून या गोष्टी जाणून घ्याव्यात.

या टाळेबंदीने शिक्षकांपुढे एक प्रश्न उभा केला. धडे भ्रमणध्वनीवरून येऊ लागले, पण पुष्कळ पाड्यांवर तो पोचला नव्हता. जेथे होता तेथे घरात एकच, आणि तोही वडिलांच्या खिशात. अशा मुलाचे शिक्षण थांबलेच काय? अंगणात पाखरे होती, परसात माती होती, आणि जुनी कोरी पाने शिवून केलेली एक वही पुरेशी होती. ‘परिसर अभ्यास’ या विषयास याहून जवळचा परिसर सापडणे कठीण. म्हणून त्या वसंताने सुचविलेले हे काम आज शाळा नियमित भरत असतानाही चालू ठेवण्यासारखे आहे.

वहीच्या पानावर तीन रकाने पाडावेत : ‘दिसले’, ‘ऐकले’ आणि ‘वाटले’. तिसरा रकाना वेगळा ठेवणे अत्यंत अगत्याचे आहे. टाळेबंदीत ‘पक्षी वाढले’, ‘जंगलातले पक्षी गावात आले’ असे जो तो म्हणू लागला. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांविषयीही तसेच बोलले गेले. वास्तविक ते १९९० नंतरच्या दशकापासून तेथे मोठ्या संख्येने येत आहेत. पक्षी वाढले असे म्हणावयाचे, तर आधीची मोजणी हाती हवी. ती अंगणात कोणीच केलेली नव्हती. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे मात्र एका गाणाऱ्या पक्ष्याचे आवाज पूर्वीपासून नोंदलेले होते. टाळेबंदीत रहदारीचा गोंगाट ओसरल्यावर शास्त्रज्ञांनी ते पुन्हा नोंदले, तेव्हा पक्षी अधिक हळू आवाजात गात असल्याचे आढळले. तरीही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोचत होते. जुनी नोंद होती म्हणूनच हे कळले. ‘पक्षी वाढले’ हे वाक्य मुलाने लिहिले तर ते खोडू नये. तिसऱ्या रकान्यात लिहावयास सांगावे.

निरीक्षणास आरंभ तांबटापासून करावा. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ व छाती लाल आणि डोळ्याभोवती व गळ्याशी पिवळा असा हा पक्षी वड, पिंपळ व उंबर यांच्या फळांवर राहतो. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा त्याचा आवाज येतो, पण नजर लावली तरी पक्षी चटकन सापडत नाही. याचे कारण मुलांनीच शोधावे. आवाज काढताना तांबट डोके एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस वळवितो. त्यामुळे आवाज कोठून आला हे कानास उमगत नाही. चोच मिटलेली असते आणि गळा फुगतो. घड्याळ लावून एका मिनिटात किती ठोके पडतात हे सकाळी व दुपारी मोजण्यास सांगावे. मुलांना मोजण्याचा हा पाठ गणिताच्या तासापेक्षा गोड वाटतो, असा अनुभव येईल. घरट्यासाठी तांबट नर-मादी वाळलेल्या मऊ फांदीत भोक कोरतात. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी फांदी निरुपयोगी म्हणून तोडण्यापूर्वी तिच्या खालच्या बाजूस वाटोळे भोक आहे की काय, हे घरच्यांस पाहावयास लावणे हे मुलाचेच काम.

कोकिळाविषयी एक दुरुस्ती करावी लागते. कवितांतून ‘कोकिळा गाते’ असे येते. परंतु आमराईतून चढत जाणारी ती ‘कुऊ’ काळ्या, लाल डोळ्यांच्या नराची असते. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. तिचा स्वर तुटक व कर्कश. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, म्हणून कावळ्यांनी काड्या वेचण्यास आरंभ केला की दोन्ही पक्ष्यांवर एकत्र लक्ष ठेवावे. कवींचा उपहास करण्याचे मात्र कारण नाही. दयाळ, बुलबुल, केळफुलावर येणारा शिंजीर आणि बावखलाच्या काठचे खंड्या व वंचक हे मुले स्वतःच ओळखतील. घरट्यास हात लावू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा.

घरी बसण्याची वेळ आल्यावर निरीक्षण करून मोठे काम केल्याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडलेले आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली १९३० मध्ये जर्मनीतून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. दुसरी नोकरी मिळेना, म्हणून ते पत्नीसह अलिबागजवळ किहीम येथे राहावयास गेले. तेथे घराजवळच सुगरणीच्या घरट्यांची वसाहत होती. ती दिवसेंदिवस न्याहाळताना त्यांना असे दिसले की, नर घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन ते पाहते. तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो, आणि मग दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीस बोलावितो. ते गेले होते नोकरी नाही म्हणून. पक्ष्यांच्या अभ्यासात ज्याचे नाव घेतले जाते असे काम तेथे हातून झाले.

परसबागेचे काम पक्षिनिरीक्षणापासून निराळे समजू नये. फुटका माठ, डबा किंवा नारळाची करवंटी घेऊन तीत मेथी व धने पेरावेत. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. धने पेरण्यापूर्वी चोळून दोन भाग करावे लागतात आणि तरीही ते आठ-दहा दिवस वाट पाहावयास लावतात. एक करवंटी उन्हात, एक सावलीत ठेवून फरक लिहावा. तांदूळ धुतलेले पाणी घालण्यास हरकत नाही. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती चिरडू नये. काही दिवसांनी ती हिरवी होईल, मग कोशात जाईल, आणि एके सकाळी त्यातून फुलपाखरू निघेल. कदाचित त्यापूर्वीच एखादा शिंपी पक्षी ती टिपून नेईल. मुलांना वाईट वाटेल, पण तीही नोंद लिहून ठेवावी. झाडाजवळ उथळ परळात पाणी भरून मध्ये एक दगड ठेवला, तर लहान पाखरांस बसावयास आधार होतो. पाणी रोज बदलावे, नाहीतर डास होतात.

फेरीसाठी फार लांब जावे लागत नाही. आठवड्यातून एकदा, ऊन चढण्यापूर्वी, शाळेपासून बावखलापर्यंत व परत, एवढे अंतर पुरते. त्याच वाटेने त्याच वेळी जावे, म्हणजे बदल ध्यानात येतो. वाटेतील बहावा कोणत्या तारखेस फुलला ते लिहावे. बहावा फुलला की पाऊस दीड-दोन महिन्यांवर आला, असा जुन्या लोकांचा समज आहे. पहिल्या पावसाची तारीख त्याच पानावर खाली लिहावी आणि वही पुढील वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यावी.