मापानं की अंदाजानं?

जानेवारीतली रात्र होती. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत आमचं शेत आहे आणि ज्वारी हुरड्यावर आली होती. आखाड्यासमोर आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजत घातलेली. तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मी पुण्याहून आलो होतो. पिशवीत रमच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या होत्या, आणि लिंबाच्या चवीच्या तयार कॉकटेल मिक्सची एक लिटरची बाटली. गावातल्या भावांना, मित्रांना शहरातली चव दाखवायची हौस होती.

आम्ही सहा जण. शेकर नव्हता, बर्फ नव्हता, मोजायला काही नव्हतं. स्टीलच्या बादलीत दोन्ही बाटल्या ओतल्या, मिक्स ओतलं, वरून सोडा घातला आणि पळीने ढवळलं. चव सरबतासारखी लागली. घशाला कुठेच चटका नाही. माझा चुलत भाऊ वर्षातून एखाद्या वेळी बिअर घेणारा. त्याने तीन पेले रिचवले, तेही हुरड्याला हात लावण्याआधीच. मग लघवीला म्हणून उठला. बराच वेळ आला नाही. बॅटरी घेऊन शोधलं तेव्हा तो कालव्याच्या भरावावर उताणा पडलेला होता. पाय पाण्याकडे, तोंडात उलटी, श्वासाचा घरघर आवाज. रब्बीची पाळी चालू होती, कालवा भरून वाहत होता. अजून दोन हात घसरला असता तर आम्हाला तो सापडला नसता.

शेजारच्या शेतात पाण्यावर आलेल्या एका म्हाताऱ्या गड्याने त्याला आधी कुशीवर वळवलं आणि तोंडात बोट घालून घाण काढली. आम्ही पाच जण तोवर नुसते त्याला हलवत होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती प्यायलाय?" मी म्हणालो, "तीन पेले." "पेल्यात किती होती?" मला सांगता येईना. भाऊ वाचला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला. काकू माझ्याशी महिनाभर बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

माझ्या वडिलांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. पूर्णा प्रकल्पाची दोन धरणं, वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर. १९६८ साली काम पुरं झालं आणि सिद्धेश्वरवरून निघालेल्या कालव्याचं पाणी हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या रानांत जाऊ लागलं. चारीच्या तोंडाशी रंगवलेली पट्टी असते, ती वाचायची, वहीत लिहायची, मगच गेट किती उचलायचं ते ठरवायचं, हे त्यांचं आयुष्य. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी मला एवढंच विचारलं, "मापानं टाकलं व्हतं का अंदाजानं?"

नंतर मी हिशोब मांडला. रम दीड लिटर, मिक्स एक लिटर, सोडा अर्धा लिटर. म्हणजे बादलीतलं निम्मं रमच होतं. आमचा पेला २५० मिलीचा. एका पेल्यात १२५ मिली रम, तीन पेल्यांत ३७५. दोन क्वार्टर ३६० मिलीच्या होतात. क्वचित बिअर घेणाऱ्या माणसाने रिकाम्या पोटी, तासाभरात, दोन क्वार्टरपेक्षा जास्त रम घेतली होती आणि ते ना त्याला कळलं ना मला. हा आकडा आधी काढला असता तर बादली भरलीच नसती.

म्हणून मिक्सबद्दल आधी सांगतो. बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू शेजारी शेजारी दिसतात. एक म्हणजे निव्वळ मिक्स. त्यात साखर, लिंबाचा किंवा फळाचा आंबटपणा, रंग आणि वास असतो, दारू नसते. दुसरी म्हणजे आधीच दारू मिसळलेली तयार बाटली. तिच्या लेबलवर अल्कोहोलचा टक्का छापलेला असतो. टक्का नसेल तर मिक्स आहे असं समजा. टक्का असेल तर त्यात वरून आणखी दारू ओतू नका. आपल्याकडच्या रम, व्हिस्की, व्होडकावर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीच्या एका लार्जमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण २५ ते २६ मिली. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरमध्ये ते ३२ मिलीच्या आसपास. ही दोन गणितं पाठ असली की कुठल्याही पेल्याचा अंदाज घेता येतो.

मिक्स वाईट नाही. ते काय करतं ते मात्र ओळखायला हवं. दारूचा कडकपणा ही शरीराला मिळणारी सूचना असते. साखर आणि आंबट ती सूचना बंद करतात. कडक रमचा घोट माणूस थांबून घेतो, सरबत तो तहानेने पितो. तेव्हा मिक्स वापरायचं असेल तर आधी पेग मेजर विकत घ्या. एका बाजूला ३० मिली, दुसऱ्या बाजूला ६० मिली, असा तो छोटा धातूचा पेला. हा घरात नसेल तर कॉकटेल करूच नका, एवढं मी आज ठामपणे सांगतो. आणि बादलीत, पातेल्यात कधीच करू नका. प्रत्येकाचा पेला वेगळा करा. वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा.

खरं तर मिक्सचीही गरज नसते, हे मला फार उशिरा कळलं. साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन साखर विरघळेपर्यंत गरम करा आणि गार होऊ द्या. हा पाक फ्रिजमध्ये ठेवा. मग ६० मिली पांढरी रम, ३० मिली ताज्या लिंबाचा रस, २० मिली पाक, घट्ट झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फाबरोबर दहा-बारा सेकंद जोरात हलवून गाळून घ्या. ही डायकिरी. रमच्या जागी व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. लिंबं आपल्या मराठवाड्यात काही कमी नाहीत. बर्फ नुसता गार करायला नसतो, हलवताना तो वितळतो आणि पेयात बरंच पाणी मिसळतं. त्या पाण्यानेच चव बसते आणि कडकपणा उतरतो. माझ्या बादलीत तेही नव्हतं.

आता बारबद्दल. हुरड्याच्या त्या रात्रीचं मूळ खरं तर पुण्यातल्या एका बारमध्ये आहे. नोकरीला लागून काही महिने झाले होते, ऑफिसातली मंडळी जेवायला घेऊन गेली. मेन्यूकार्डावर चाळीस नावं, त्यातलं एकही ओळखीचं नाही. विचारायची लाज वाटली. लाँग आयलंड आइस्ड टी असं दिसलं, म्हटलं चहाच आहे, हलकं असेल. त्यात चहा नसतो. व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याचं लिक्युअर अशा पाच दारू, वर लिंबू, साखर आणि रंगापुरता कोला. प्रत्येकी १५ मिली धरली तरी ७५ मिली होतात, काही ठिकाणी त्याहून जास्त ओततात. मी दोन घेतले. जेवणाआधीच जीभ जड झाली, जिना उतरताना मित्राने दंड धरला. तिथे मी "यात काय असतं?" हा एक प्रश्न विचारला असता तर मापाची समज मला तेव्हाच आली असती आणि भावापर्यंत पाळी गेली नसती.

आपल्या गावांकडे पिणं लपून असतं. पटकन, अंधारात, पाणी न घालता, खायला काही नसताना. बायकांनी मतदान करून दुकान बंद करायचा 'आडवी बाटली'चा हक्क महाराष्ट्रात मागून घेतला तो या पिण्याचे मार अंगावर झेलून, आणि त्यांच्या बाजूने मी पूर्ण उभा आहे. पण लपून प्यायची सवय घेऊन माणूस शहरातल्या बारमध्ये जातो तेव्हा त्याला विचारता येत नाही. विचारलं तर आपण गावाकडचे ठरू असं वाटतं. कॉकटेलमध्ये खरं तर परकं वाटावं असं काही नाही. पंच हे पेय सतराव्या शतकात हिंदुस्थानातल्या वखारींमधल्या इंग्रजांनी उचललं, आणि त्याचं नाव दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला या पाच जिनसांवरून, आपल्या 'पाच'वरून पडलं असं बरेच कोशकार मानतात. मुंबईत ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार १९३३ पासून आहे. कार्डावरच्या इंग्रजी नावांच्या मागे बहुतेक वेळा दारू, लिंबू, साखर एवढंच असतं.

कार्ड वाचताना मी नावं सोडून पेयाची जात पाहतो. पहिली आंबट-गोड जात: डायकिरी, व्हिस्की सावर, मार्गारिटा, गिमलेट. दुसरी उंच ग्लासातली, सोडा किंवा टॉनिकने वाढवलेली: मोहितो, टॉम कॉलिन्स, जिन-टॉनिक. नव्या माणसाने इथून सुरुवात करावी, कारण पोटात पाणीही जातं आणि ग्लास बराच वेळ पुरतो. तिसरी कडक जात: मार्टिनी, ओल्ड फॅशन्ड, नेग्रोनी. ग्लास लहान, पण आत जवळजवळ सगळी दारूच. लाँग आयलंड उंच ग्लासात येतं आणि असतं कडक जातीचं, म्हणून ते फसवतं.

मग सरळ विचारायचं. "दादा, यात कुठली दारू आहे आणि किती मिली? गोड जास्त आहे की आंबट? साखर कमी करता येईल?" चांगल्या बारमनला हे प्रश्न आवडतात, मी अनेकदा अनुभवलंय. साधा पेग मागताना "थर्टी" की "सिक्स्टी" ते स्वतःहून सांगा, नाहीतर समोरचा ठरवतो. ब्रँडचं नाव आणि दर आधी विचारा. पहिल्या पेल्याबरोबरच साधं पाणी आणि खायला मागा. चखणा म्हणून नुसते खारे दाणे नकोत, पोटाला आधार होईल असं काहीतरी. आणि प्यायचं नसेल तर "फ्रेश लाइम सोडा, मीठवाला" हे त्याच आवाजात म्हणता यायला हवं.

मला हे धीटपण आलं ते गोव्यात. एप्रिलमध्ये एका छोट्या तावेर्नात गेलो होतो. मालकाला सांगितलं, मला काही माहीत नाही, तुम्हीच सांगा. म्हातारा खूश झाला. त्याने हुर्राक काढली. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार, मार्च ते मेपुरतीच मिळणारी, फेणीपेक्षा बरीच सौम्य. उंच ग्लासात हुर्राक, लिम्का, लिंबाची फोड, मीठ, आणि उभी चिरलेली एक हिरवी मिरची. मिरचीचा वास आधी नाकाला लागला, मग काजूचा. मग त्याने फेणीची बाटली दाखवली आणि बोट हलवून सांगितलं, ही अशी प्यायची नाही, ही दुसऱ्यांदा गाळलेली, तिला माप लहान. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय हे मी नंतर वाचलं. त्याला मात्र ते सांगायची गरज नव्हती, मापाचा लहान पेला त्याच्या हाताशीच होता.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी ध्यानात असू द्या. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही आहे. पिण्यासाठी परवाना लागतो, म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. एक दिवसाचा परवाना दुकानात, बारमध्येच मिळतो. बिअरला वय २१, कडक दारूला २५. बिलात दारूवर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी असे दोन वेगळे कर येतात, ते तपासा. सेवाशुल्क लावलेलं असेल तर ते ऐच्छिक आहे, जुलै २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या तशा सूचना आहेत. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. गाडी चालवायची असेल तर १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण त्या मर्यादेशी खेळू नका. गाडी घरीच ठेवून निघा. कुठली गोळी चालू असेल, विशेषतः मेट्रोनिडाझोल किंवा मधुमेहाची, तर पेल्याला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. जे पीत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करावं असं माझ्या मनातही नाही.

आणि एखादा पडलाच, तर. हाका मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा अडकत असेल, अंग गार पडलं असेल, तर झोप म्हणून सोडून देऊ नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा म्हणजे तो परत उताणा होणार नाही, तोंड खाली झुकतं ठेवा. लिंबूपाणी, कॉफी, ताक काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. अंगावर गार पाणी ओतू नका. १०८ला फोन लावा आणि कुणीतरी एक जण सतत त्याच्याजवळ बसा. काय प्यायला, किती मिली, किती वाजता, जेवला होता का, हे कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर तेच विचारतात.

गेल्या जानेवारीत आगटी पुन्हा पेटली. भाऊ आला होता. तो आता घेत नाही. माझ्यासाठी त्यानेच लिंबं पिळली, मेजर काठापर्यंत भरून दिव्याकडे धरला, आणि माझ्या हातात देण्याआधी वडिलांना दाखवला.